आरोग्यविचार : निकाल स्वच्छ, तरीहि मूल रडतें

गेल्या महिन्यांत वारंगा फाट्याहून एका भगिनीचें पत्र आलें. हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरी तालुक्यांत नांदेड-हिंगोली रस्ता आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग जेथें एकमेकांस मिळतात, तें हें ठिकाण. मराठवाड्यांतून प्रवास करणारांस तें तेथील खिचडीमुळें ठाऊक असतें. गाडी थांबते, मंडळी खिचडी खातात आणि पुढें जातात. पत्र लिहिणाऱ्या भगिनी मात्र तेथेंच राहतात, आणि त्यांचें पत्र आम्हीं दोनदां बाजूस ठेवून पुन्हां हातीं घेतलें.

त्यांचा मुलगा सात वर्षांचा आहे. लहानपणीं त्याला वारंवार न्युमोनिया होई, कान फुटत. चौथ्या वर्षीं मुंबईस रक्ताची तपासणी झाली आणि असें कळलें कीं, रोगाशीं झुंजणारीं जीं द्रव्यें प्रत्येकाच्या रक्तांत असतात, ज्यांस डॉक्टर इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, तीं याच्या रक्तांत जवळजवळ नाहींतच. तेव्हांपासून दर महिन्यास तीं शिरेवाटें देण्यांत येतात. मुलगा शाळेंत जातो, खेळतो. परंतु गेले तीन आठवडे लघवी करतांना, विशेषतः ती संपतां संपतां, तो ओटीपोट धरून रडतो. ताप नाहीं. सासूबाई म्हणतात, उन्हाळी लागली आहे. म्हणून सब्जा आणि धने-जिऱ्याचें पाणी चालू आहे. भावोजींनीं घरांत उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या चार दिवस दिल्या, तेवढ्यापुरतें बरें वाटलें. लघवी दोनदां तपासली, दोन्ही वेळां निकाल स्वच्छ. आतां घरांतील कांहीं मंडळी म्हणूं लागली आहेत कीं, मूल शाळा चुकविण्यासाठीं ढोंग करतें. भगिनी विचारतात, "निकाल स्वच्छ असतां तो रडतो कशानें? आणि वैशाखांत मुंज ठरली आहे, ती पुढें ढकलावी काय?"

पत्रावरून निदान करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु एक गोष्ट निःशंकपणें सांगतों : या मुलाच्या बाबतींत स्वच्छ निकाल म्हणजे स्वच्छ मूत्राशय नव्हे. ढोंगाचा विचार घरानें आजच मनांतून काढून टाकावा.

हें कसें, तें समजण्यासाठीं लघवीच्या तपासणींत काय पाहतात तें पाहूं. सूक्ष्मदर्शकाखालीं मुख्यतः पूच्या पेशी मोजतात. या पूच्या पेशी रोगजंतूंच्या नव्हेत; त्या आपल्याच रक्तांतील पांढऱ्या पेशी, जंतूंशीं लढण्यासाठीं धांवून आलेल्या. रणांगणावर सैनिक दिसले म्हणजे युद्ध चालू आहे असें आपण समजतों. पण ज्या मुलाच्या अंगीं सैन्यच अपुरें आहे, तेथें शत्रू किल्ल्यांत शिरला तरी रणांगण ओस दिसूं शकतें. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलांस, रक्ताच्या कर्करोगावर औषधें घेणाऱ्या मुलांस आणि जन्मतः प्रतिकारशक्ति उणी असलेल्या कांहीं मुलांस याचा अनुभव येतो. तापाचेंहि तसेंच. ताप हाहि शरीराच्या प्रतिकाराचाच एक भाग असल्यामुळें अशा मुलांत तो बेताचाच येतो, किंवा येतहि नाहीं.

दुसरी तपासणी जंतू वाढवून पाहण्याची, जिला कल्चर म्हणतात. ती प्रतिजैविकाचा पहिला घोट पोटांत जाण्यापूर्वींच व्हावयास हवी. एका-दोन मात्रांनींसुद्धां लघवींतील जंतू इतके दबतात कीं, ते थाळींत उगवत नाहींत. मूत्राशयाच्या भिंतींत मात्र ते टिकून राहूं शकतात. पत्रांतील तारखा जुळवून पाहतां दुसरी तपासणी गोळ्यांच्या तिसऱ्या दिवशीं झालेली दिसते. तो निकाल मुलाचा नसून गोळ्यांचा आहे. भावोजींचा हेतु प्रेमाचाच होता. परंतु उरलेलीं औषधें घरांत जपून ठेवण्याची आपल्याकडील काटकसर येथें महाग पडते. त्यांतहि प्रतिकारशक्ति उणी असलेल्या पुष्कळ मुलांस आधींपासून प्रतिबंधक म्हणून एखादें प्रतिजैविक चालू असतें. त्यांस जंतुसंसर्ग झालाच, तर त्या औषधास न जुमानणाऱ्या जंतूंचा होण्याचा संभव अधिक. म्हणून अंदाजानें औषध देणें त्यांच्या बाबतींत आणखीच निरर्थक ठरतें.

आतां या मुलाच्या विशिष्ट उणिवेकडे वळूं. १९५२ सालीं अमेरिकेंतील ऑगडेन ब्रूटन या लष्करी डॉक्टरांनीं एका आठ वर्षांच्या मुलाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याला पुनःपुन्हां गंभीर जंतुसंसर्ग होत असे आणि त्याच्या रक्तांत गॅमा ग्लोब्युलिन मुळींच सांपडलें नाहीं. ब्रूटननीं तें द्रव्य टोंचून देण्यास आरंभ केला आणि मूल सावरलें. आज वारंगा फाट्याच्या या मुलास जी मासिक मात्रा मिळते, तिची परंपरा तेथून सुरू होते. मात्र या मात्रेच्या दोन मर्यादा घरानें जाणाव्या. दिलेलें द्रव्य सुमारें तीन आठवड्यांत निम्में होतें. म्हणजे पुढील मात्रेच्या आधींचा आठवडा सर्वांत दुबळा. आणि तें द्रव्य मुख्यतः रक्तांत काम करतें. नाक, घसा, आंतडीं व मूत्रमार्ग यांच्या ओल्या अस्तरावर निसर्ग ज्या वेगळ्या जातीचें द्रव्य पसरवितो, तें या औषधांतून भरून येत नाहीं. भगिनींनीं एका वहींत मात्रेची तारीख आणि दुखण्याचे दिवस समोरासमोर लिहून ठेवावे. दुखणें दर वेळीं मात्रेच्या आधींच्या आठवड्यांतच उसळतें असें दिसलें, तर ती वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडेल.

अशा मुलांस फुप्फुसें, कान आणि नाकाच्या पोकळ्या यांचे विकार फार होतात. मूत्राशयाचे त्या मानानें कमी. याचें कारण असें कीं, मूत्राशयाचा पहिला पहारेकरी रक्तांतील द्रव्य नसून प्रवाह हा आहे. दर दोन-तीन तासांनीं लघवी जोरानें बाहेर पडते आणि जंतूंस धुवून नेते. म्हणून तेथें दुखणें सुरू झालें, तर दोन दिशांनीं पाहावें लागतें : प्रवाह कोठें अडला आहे काय, आणि ज्यांना नेहमींच्या तपासण्या ओळखत नाहींत असे जंतू तेथें आहेत काय.

दुसरी दिशा आधीं घेतों, कारण ती विसरली जाते. मायकोप्लाझ्मा व युरियाप्लाझ्मा या नांवांचे अतिसूक्ष्म जंतू आहेत. रक्तांत इम्युनोग्लोब्युलिन नसलेल्या रोग्यांच्या मूत्रमार्गांत व सांध्यांत ते ठाण मांडतात, हें वैद्यकांत चांगलें ठाऊक आहे. नेहमींच्या कल्चरच्या थाळींत ते उगवत नाहींत. शिवाय पेनिसिलीनच्या कुळांतील औषधें जंतूंच्या बाहेरील भिंतीवर घाव घालतात, आणि या जंतूंना भिंतच नसते. त्यामुळें निकाल स्वच्छ येतो, गोळ्यांचा गुण येत नाहीं आणि मूल रडत राहतें. यांचा शोध घेण्यासाठीं पीसीआर नांवाची वेगळी तपासणी सांगावी लागते, आणि ती सांगणारास मुलाची मूळ उणीव ठाऊक असली पाहिजे. या मुलास गुडघा किंवा घोटा सुजल्याची तक्रार असेल, तर तीहि डॉक्टरांस अवश्य सांगावी. पत्रांत तिचा उल्लेख नाहीं; परंतु मूत्राशयाचें दुखणें सांगतांना गुडघा सुचणार तरी कसा!

प्रतिकारशक्तीची उणीव एकाच जातीची नसते, आणि कारणेंहि त्याप्रमाणें बदलतात. ज्या मुलांच्या पांढऱ्या पेशी जंतूंस गिळतात पण मारूं शकत नाहींत, त्यांच्या मूत्राशयाच्या भिंतींत सुजेच्या गांठी उत्पन्न होऊन लघवीची वाट अडूं शकते. तेथें कधीं कधीं जंतुनाशकाबरोबर सूज उतरविणारें स्टिरॉइडहि द्यावें लागतें, हें ऐकून घरचे लोक चकित होतात. अस्थिमज्जेचें रोपण झालेल्या मुलांत बीके व अ‍ॅडिनो या जातींचे विषाणू मूत्राशयाचें अस्तर सोलून काढतात. लघवी लाल होते, गुठळ्या पडतात. अ‍ॅडिनो विषाणू धडधाकट मुलांतहि लाल लघवी करतो, पण तेथें तें दुखणें कांहीं दिवसांत आपोआप ओसरतें. मूत्रपिंडाच्या किंवा रक्ताच्या विकारासाठीं सायक्लोफॉस्फामाइड दिलें असेल, तर त्यापासून शरीरांत तयार होणारें एक दाहक द्रव्य लघवीवाटें बाहेर पडतांना मूत्राशय पोळतें. म्हणूनच त्या दिवशीं भरपूर पाणी, आणि मात्रा मोठी असल्यास मेस्ना नांवाचें संरक्षक औषध देतात. दीर्घकाळ जंतुनाशकें घेणाऱ्या व फार अशक्त मुलांत बुरशीचा संसर्ग होतो. पूच्या पेशी दिसतात पण जंतू उगवत नाहींत, अशा वेळीं क्षयाचा विचार मनांत ठेवावा लागतो. लहान वयांत मूत्रमार्गाचा क्षय विरळा. पण आपल्या देशांत, आणि तेंहि दुबळ्या प्रतिकाराच्या मुलांत, तो अशक्य म्हणून सोडतां येत नाहीं. जन्मतः नसून मागाहून आलेली उणीव, म्हणजे कुपोषणानें किंवा एच.आय.व्ही.मुळें आलेली, हिलाहि हाच न्याय.

आतां पहिली दिशा, प्रवाहाची. येथें आम्ही थोडें रेंगाळणार आहों, कारण प्रतिकाराच्या मोठ्या नांवाच्या रोगापुढें घरचीं साधीं कारणें दृष्टीआड होतात. प्रतिकारशक्ति उणी असलेलें मूल हें शेवटीं मूलच आहे, आणि इतर मुलांचीं दुखणीं त्यालाहि होतात.

पहिलें साधें कारण बद्धकोष्ठ. मोठ्या आंतड्याचें टोंक आणि मूत्राशय हे शेजारी आहेत. शेजाऱ्यानें भिंत ढकलली म्हणजे आपल्या खोलींत जागा उरत नाहीं. मग मूत्राशय नीट भरत नाहीं, नीट रिकामा होत नाहीं, वारंवार लघवी लागते आणि शेवटीं कळ येते. "रोज जातो" एवढ्यावर समाधान मानूं नये. मळ कडक असतो काय, कुंथावें लागतें काय, चड्डीस डाग पडतात काय, हें आईनें स्वतः पाहावें. आमच्या मतें मुलांच्या ओटीपोटाच्या जितक्या तक्रारींवर उन्हाळीचीं औषधें होतात, त्यांतील पुष्कळ तक्रारी पोट साफ होतांच जातील.

दुसरें कारण लघवी दाबून ठेवणें. सकाळीं घाईनें शाळेंत जाणें, तेथील शौचालयाची किळस, बाईंनीं वर्गांतून सोडण्यास केलेली कुरकुर, आणि त्यांत पाण्याची बाटली भरलेलीच घरीं परत येणें. असा हा नित्यक्रम. साठून राहिलेली लघवी दाट होते, ती झोंबते. झोंबते म्हणून मूल आणखी दाबतें. शाळेच्या मुख्याध्यापकांस या मुलासाठीं डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी कीं, यानें मागितली तेव्हां त्याला लघवीस सोडावें.

तिसरें कारण मुतखडा. लघवी संपतां संपतां येणारी कळ, मध्येंच तुटणारी धार आणि मुलानें इंद्रिय ओढीत राहणें, हीं मूत्राशयांतील खड्याचीं जुनीं लक्षणें आहेत. अश्मरी विशेषेंकरून बालकांस होते असें सुश्रुतसंहितेंत नोंदलेलें आहे, आणि ती काढण्याच्या शस्त्रकर्माचें वर्णनहि तेथें आहे. एके काळीं दूध-दुभत्यावांचून केवळ धान्यावर वाढणाऱ्या गरीब मुलग्यांत हा विकार आपल्याकडे फार असे. आहार सुधारला तसा तो हटला, पण नाहींसा झाला नाहीं. पोटाच्या सोनोग्राफीनें खडा बहुधा कळतो. त्याच तपासणींत मूत्रपिंडें फुगलीं आहेत काय आणि लघवी केल्यावर मूत्राशयांत किती शिल्लक राहते, हेंहि कळतें. पत्रांत सोनोग्राफीचा उल्लेख नाहीं. ती लवकर करून घ्यावी.

मुलग्यांत पुढील कातडी घट्ट असणें, मुलींत जंत आणि साबणाची आग, हींहि कारणें असतात. कातडी बळानें मागें ओढूं नये. त्यानें जखम होऊन ती अधिकच आवळते. आणखी एक गोष्ट लिहितांना लेखणी अडखळते, पण ती लिहिणें आमचें कर्तव्य आहे : त्या जागेची तक्रार करणाऱ्या मुलास, मुलगा असो वा मुलगी, कोणी अनुचित स्पर्श तर केला नाहीं ना, हें आईनें एकांतांत, न धमकावतां विचारावें. मोठ्या घरांत माणसांची ये-जा मोठी असते.

तपासणीसाठीं लघवी कशी न्यावी हा विषय क्षुल्लक वाटतो. परंतु निम्मे चुकीचे निकाल येथेंच जन्मतात असें आम्हांस वाटतें. जागा साध्या पाण्यानें धुवावी. पहिली धार सोडून द्यावी, मधली धार प्रयोगशाळेनें दिलेल्या निर्जंतुक डबींत धरावी. घरची औषधाची बाटली, कितीहि उकळलेली असो, चालणार नाहीं. वारंग्याहून नांदेडास जावयाचें म्हणजे तासाभराचा रस्ता, त्यांत एस.टी.ची वाट पाहणें आलें, आणि मराठवाड्याचा उन्हाळा! अशा उन्हांत डबी पिशवींत ठेवली, तर वाटेंतच जंतूंची पैदास होऊन निरोगी लघवीहि रोगट ठरेल. म्हणून शक्यतों मुलासच न्यावें आणि लघवी प्रयोगशाळेंतच घ्यावी. तें न जमल्यास डबी बर्फाच्या थर्मासांत घालून न्यावी. निकालांत अनेक जातींचे जंतू मिसळून आले असतील, तर नमुना दूषित झाला असें समजून तपासणी पुन्हां करावी. उलट एकाच जातीचे, पण संख्येनें थोडे जंतू आले आणि मूल कळवळत असेल, तर "प्रमाण कमी आहे" म्हणून तो निकाल या मुलाच्या बाबतींत केराच्या टोपलींत टाकूं नये. तपासणीच्या कागदावर मुलाच्या मूळ विकाराचें नांव मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावें.

कांहीं लक्षणांत मात्र वही, नमुना, विचार यांपैकीं कशासाठींहि थांबूं नये. थंडी वाजून येणें, ओकाऱ्या, पाठीत बरगडीखालीं दुखणें, आठ-दहा तास लघवी न होणें, लघवींत गुठळ्या पडणें, मूल मलूल होऊन हांकेस ओ न देणें, किंवा मुलग्याच्या वृषणांत एकाएकीं असह्य कळ येणें, यांपैकीं एकहि दिसतांच त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. नांदेडास विष्णुपुरीचें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा मुलाचा थोडासाहि ताप हा मोठा ताप समजावा आणि तेथील डॉक्टरांस दारांतच सांगावें, "याच्या अंगीं प्रतिकारशक्ति नाहीं." मूळ विकाराची तपासणी परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारांतील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेंत होते, आणि जवळच मुलांचें वाडिया रुग्णालय आहे. जेथें निदान झालें, तेथील डॉक्टरांस हा नवा उपद्रव कळविल्यावांचून राहूं नये. नांदेडच्या डॉक्टरांनीं मुंबईच्या डॉक्टरांशीं दूरध्वनीवर पांच मिनिटें बोलणें हें कित्येकदां देवगिरी एक्सप्रेसच्या एका रात्रीच्या प्रवासाइतकें मोलाचें ठरतें.

सासूबाईंच्या धने-जिऱ्याच्या पाण्यास आमची हरकत नाहीं. पाणी पोटांत जातें, लघवी पातळ होते, झोंबणें कमी होतें. मूत्राशयास तेंच हवें आहे. अट एवढीच कीं, पाणी खळखळ उकळलेलें असावें, रात्रभर उघड्या भांड्यांत भिजत ठेवलेलें नसावें. सब्जाहि त्याच उकळून गार केलेल्या पाण्यांत भिजवावा. गोखरू व इतर मुळ्यांचे काढे मात्र डॉक्टरांस न विचारतां देऊं नयेत.

पत्राच्या शेवटीं भगिनींनीं एका ओळींत लिहिलें आहे कीं, हा विकार आईकडून येतो असें डॉक्टरांनीं सांगितल्यापासून घरांत त्यांस बोल लागतो. त्यांच्या मुलासारख्या मुलग्यांतील विकार पुष्कळदां आईच्या एका गुणसूत्रावरून येतो हें खरें. पण तें गुणसूत्र तिनें निवडलेलें नसतें, आणि कांहीं मुलांत तर तो दोष नव्यानेंच उत्पन्न झालेला असतो. या माहितीचा उपयोग दोष देण्यासाठीं नसून, मावशींच्या घरीं वारंवार आजारी पडणारा मुलगा असल्यास त्याची वेळींच तपासणी करण्यासाठीं आहे. मामंजींनीं हा मजकूर वाचावा अशी आमची विनंती आहे.

राहिली मुंज. वैशाखास अजून अवकाश आहे. सोनोग्राफी, योग्य तऱ्हेनें घेतलेली लघवी आणि त्या विशेष जंतूंची तपासणी एवढें झाल्यावर कारण सांपडलें व औषध लागू पडलें, तर मुंज पुढें ढकलण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. अखेरचा शब्द अर्थातच डॉक्टरांचा. मुहूर्त मासिक मात्रेनंतरच्या आठवड्यांतला धरावा. खोकला-पडसें झालेल्या पाहुण्यांनीं दुरूनच आशीर्वाद द्यावा. बटूस पाणी घरच्या उकळलेल्या पाण्याचेंच द्यावें, मांडवांतील पिंपाचें नको. आणि गुरुजींस आधींच सांगून ठेवावें कीं, हा बटू विधि चालू असतां लघवीस जाण्यासाठीं मध्येंच उठेल; हातपाय धुवून तो पुन्हां पाटावर येऊन बसेल. सोवळ्यासाठीं त्याला मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत लघवी दाबून बसवूं नये.